उच्चैःश्रव्याच्या शोधात

माणसाला कशाचा छंद जडेल याचा नेम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी काड्यापेट्यांवरची चित्रे, तर कोणी नुसत्याच मोठ्या माणसांच्या ओळखी. हे सगळे छंद आपापल्या गावात बसून पुरवता येतात. माझ्या छंदाला मात्र आधी समुद्र हवा. आणि मी राहतो वर्धा जिल्ह्यात! पूर्वेला जा की पश्चिमेला, खाऱ्या पाण्याचा पहिला थेंब दिसायला आगगाडीत एक रात्र काढावी लागते. आमच्या पुलगावजवळून वर्धा नदी वाहते. ती पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. म्हणजे आमचे पाणी समुद्राच्या भेटीला जाते खरे. पण समुद्र काही उलट भेटीला येत नाही. अशा ठिकाणी राहून समुद्रघोडा पाळायचे मनात घेणे म्हणजे वाळवंटात होडी बांधायला काढण्यासारखेच आहे, हे मला मान्य आहे.

लहानपणी समुद्रमंथनाची गोष्ट ऐकताना चौदा रत्नांपैकी बाकी कोणत्याच रत्नाचे मला फारसे कौतुक वाटले नव्हते. लक्ष्मी, कौस्तुभ, अमृत हे सारे मोठ्या माणसांच्या कामाचे. पण पाण्यातून शुभ्र घोडा वर येतो, ही कल्पना मनात घर करून राहिली. उच्चैःश्रवा हे त्याचे नाव उच्चारतानाही तोंडातून खिंकाळी निघाल्यासारखी वाटे. पुढे महाविद्यालयात आल्यावर माझा एक मित्र विज्ञान शाखेकडे गेला. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी तो मला त्यांच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. कपाटात ओळीने बरण्या मांडलेल्या होत्या. त्यातल्या एका बरणीत, फॉर्मॅलिनच्या पिवळट पाण्यात, वीतभर उंचीचा एक घोडा उभा होता! मान किंचित वाकलेली, नळीसारखे तोंड पुढे काढलेले, शेपटीचे वेटोळे आत वळलेले. बरणीवरच्या चिठ्ठीवर नाव होते ‘हिप्पोकॅम्पस’. आमच्या भागातल्या कित्येक विद्यार्थ्यांनी समुद्र कधी पाहिलेला नसतो, पण परीक्षेतल्या ओळखीच्या प्रश्नासाठी हा बरणीतला घोडा मात्र त्यांना पाठ असतो. मित्र त्याची आकृती काढीत होता. मी मात्र, हा जिवंत असताना कसा दिसत असेल, या विचारात अडकलो.

घरी येऊन मी हे सुमीला सांगितले. सुमी ही माझी धाकटी बहीण, पाचवीत शिकते. आमच्या घरी काचेची एक टाकी आहे आणि तिच्यात गप्पी मासे आहेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप विभागाच्या माणसाने दिलेले चार मासे आधी आमच्या हौदात होते. त्यांतले दोन सुमीने काचेत आणले आणि त्यांचा वंश वाढता वाढता वाढतच गेला. सुमीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, “दादा, आपण आणू या ना एक जोडी.” आजी शेजारीच तांदूळ निवडीत बसली होती. ती म्हणाली, “काहून रे बाप्पा, पान्यातला घोडा आनतं म्हन्ते? त्याले चारा कोन टाकन?”

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे मला पुढे दोन महिने वाचन केल्यावर कळले. समुद्रघोडा हा मासाच. पण माशाची एकही रीत तो पाळीत नाही. त्याच्या अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी हाडांच्या कड्यांचे चिलखत असते. तो उभ्याने पोहतो. पाठीवरचा इवलासा पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा हलवून तो कसाबसा पुढे सरकतो, आणि दमला की शेपटीने एखादी काडी धरून उभा राहतो. त्याचे दोन डोळे दोन निरनिराळ्या दिशांना फिरू शकतात. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. तोंडाच्या नळीने बारीक कोळंबीसारखे जीव ओढून घ्यायचे आणि ते पोटातून झपाट्याने पुढे जायचे. म्हणून त्याला दिवसातून दोन-तीन वेळा तरी खायला घालावेच लागते. चारा कोण टाकणार, हाच तर मुख्य प्रश्न!

आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे, यांच्यात बाळंतपण नराचे. मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत ठेवते. दोन ते चार आठवडे तो ती सांभाळतो आणि मग एका पहाटे अंग झटकून शेकड्याने पिल्ले बाहेर सोडतो. समुद्रात त्यांतली हजारी पाचसुद्धा मोठी होत नाहीत. हे मी जेवताना सांगितले तेव्हा आई आमटी वाढता वाढता थांबली आणि बाबांकडे पाहून म्हणाली, “बघा, देवाने कुठे तरी न्याय केला आहे.” बाबा जिनिंगमध्ये हिशेबनीस आहेत. त्यांनी न्यायाचा मुद्दा सोडून दिला आणि खर्चाचा मुद्दा काढला.

हिशेब आम्ही दोघांनी वहीत मांडला. एक लिटर पाण्याला सुमारे पस्तीस ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला साडेतीन किलो मीठ. आणि तेही स्वयंपाकघरातले नव्हे, समुद्रातली सगळी द्रव्ये असलेले खास मीठ. टाकी भरली की लगेच प्राणी सोडता येत नाही. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे सूक्ष्म जीव टाकीत आधी रुजावे लागतात, आणि त्यासाठी चार ते सहा आठवडे ती तशीच चालू ठेवावी लागते. पाण्याला जोराचा ओघ चालत नाही, कारण हा घोडा धावणारा नाही. चपळ मासे सोबतीला चालत नाहीत, कारण ते त्याच्या तोंडचा घास पळवतात. आणि पाण्याची उष्णता पंचवीस अंशांच्या आसपास राहावी लागते. इथे बाबांनी पेन खाली ठेवले. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो तेव्हा हौदातल्या पाण्याने अंघोळ करायलाही संध्याकाळची वाट पाहावी लागते. पाणी थंड करणारे यंत्र घेतले तरी वीज गेल्यावर त्याचा काय उपयोग? पण मी हट्टाला पेटलो होतो. दोन वर्षे सुट्टीत शिकवण्या करून साठवलेले पैसे माझ्याजवळ होते. शंभराऐवजी लहान टाकी, उत्तरेची खोली, भाड्याने आणायची बॅटरी, असे काय काय मार्ग मी शोधून काढले. बाबा शेवटी म्हणाले, “पैसे तुझे, कष्ट तुझे. पण प्राणी आणशील तो धड आण. इथे आणून मारायला आणू नकोस.”

‘धड प्राणी’ म्हणजे काय, हे ठरवण्यात माझे पुढचे दिवस गेले. निरोगी समुद्रघोडा ओळखायच्या खुणा अवघड नाहीत. पोट खपाटीला गेलेले नसावे. हाडांच्या कड्यांमधले मांस आत ओढलेले दिसले तर तो उपाशी आहे असे समजावे. डोळे स्वच्छ आणि फिरते हवेत. शेपटीने काहीतरी घट्ट धरलेले हवे. तळाशी आडवा पडलेला किंवा पाण्याच्या वरच्या थराला तरंगत राहिलेला घेऊ नये. अंगावर पांढरे चट्टे, शेपटीच्या टोकाला झिजलेली जखम, भराभर चाललेला श्वास, ही रोगाची चिन्हे. आणि सगळ्यांत खात्रीची परीक्षा म्हणजे विकणाऱ्याला आपल्यासमोर त्याला खायला घालायला सांगणे. बर्फात गोठवलेली बारीक कोळंबी त्याने टिपली, तर तो टाकीत जगायला शिकलेला आहे.

ही शेवटची खूण महत्त्वाची आहे. समुद्रातून पकडून आणलेला समुद्रघोडा बहुधा हलत्या, जिवंत भक्ष्याशिवाय तोंड उघडत नाही. गोठवलेल्या अन्नापुढे तो उपाशी उभा राहतो. त्याच्या अंगावर समुद्रातले परजीवी असतात, आणि प्रवासाने तो आधीच खचलेला असतो. उलट जो काचेतच जन्मला, काचेतच वाढला आणि तीन-चार महिन्यांचा होईपर्यंत गोठवलेले अन्न खायला शिकला, तो पुष्कळ काळ जगू शकतो. म्हणून जाणकार एकच सांगतात: घ्यायचाच तर पैदाशीचा घ्या. अशी पैदास ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या ब्यूटी पॉइंट येथे आणि हवाई बेटांवर कोना येथे समुद्रघोड्यांची शेतीच चालते. आपल्याकडे केरळातील विळिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरीस पिवळ्या समुद्रघोड्याची पिल्ले बंदिवासात मिळवली होती. पुढे गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही याच जातीवर असे काम झाले. हे वाचल्यावर मला फार धीर आला. गोवा म्हणजे काही हवाई बेट नव्हे. आमच्या स्टेशनवरून निघून दोन गाड्या बदलल्या की झाले!

मग मी शोधाला लागलो. वर्ध्याच्या दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिले आणि सोनेरी मासे दाखवले. नागपुरात एकाने, “समुद्रातलं आम्ही ठेवत नाही जी, मरते ते,” असे स्पष्ट सांगितले. या एका वाक्याबद्दल मला त्याच्याविषयी आजही आदर वाटतो. तिसऱ्या ठिकाणी एका दूरच्या व्यापाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक मिळाला. तो माणूस गोड बोलणारा होता. जोडी मिळेल, सहा हजार पडतील, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत घालून रात्रीच्या गाडीने पाठवू, असे त्याने एका दमात सांगितले. मी माझे चार प्रश्न काढले. खातात काय? “टाकाल ते खातील.” वय किती? “लहान आहेत, तुमच्याकडे वाढतील.” कागदपत्र काय मिळेल? “माशाला कसले कागद?” आणि शेवटचा प्रश्न: हे पैदाशीचे आहेत ना? यावर तो जणू काही मी त्याचा अपमान केला अशा आवाजात म्हणाला, “छे हो! टाकीतला माल आम्ही देतच नाही. परवाच समुद्रातून आलेत, एकदम ताजे!”

ताजे! बाजारात मेथीची जुडी घ्यावी तसा तो शब्द माझ्या कानावर आदळला. संध्याकाळी त्याने मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली. प्लॅस्टिकच्या एका टबात दहा-बारा समुद्रघोडे होते. धरायला काडी नव्हती म्हणून त्यांनी एकमेकांच्या शेपट्या धरल्या होत्या. दोघे-तिघे तळाशी आडवे पडले होते. जो त्यातल्या त्यात उभा होता त्याच्या बरगड्यांसारखी कडी मोजता येत होती. सुमी माझ्या खांद्यावरून पाहत होती. तिने विचारले, “हे एकमेकांना धरून का उभे आहेत रे?” मला उत्तर ठाऊक होते, पण ते सांगताना आवाज नीट निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ग्रंथालयात गेलो, आणि आजवर मासा म्हणून ज्याच्याविषयी वाचत होतो त्याच्याविषयी वन्य प्राणी म्हणून वाचू लागलो. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्या पंक्तीत वाघ बसतो त्या पंक्तीत, २००१ च्या जुलैमध्ये समुद्रघोड्याचे सगळे कुळ घातले गेले. आमच्या जिल्ह्यात बोरचे जंगल आहे. २०१४ साली ते व्याघ्र प्रकल्प झाले. बोरचा वाघ आणि माझा वीतभर घोडा कायद्याच्या दृष्टीने एका पानावर होते! २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची मांडणी बदलली, तरी समुद्रघोड्यावरचे छत्र काढले गेले नाही. आणि ज्या शब्दावर माझी सगळी भिस्त होती, तो ‘पैदाशीचा’ शब्दही कायद्याने आधीच विचारात घेतलेला आहे. बंदिवासातला प्राणी कोणता, याची व्याख्या करताना त्यात पकडलेला, बाळगलेला आणि बंदिवासात पैदास केलेला, असे तिन्ही धरले आहेत. म्हणजे गोव्याच्या संशोधकाच्या टाकीत जन्मलेला समुद्रघोडाही माझ्या पुलगावच्या खोलीत हौसेसाठी येऊ शकत नाही.

मला प्रथम राग आला. टास्मानियातल्या माणसाला चालते, मग मला का नाही? पैदाशीचा प्राणी घेतल्याने तर समुद्रावरचा भार कमीच होईल! या प्रश्नाशी मी बरेच दिवस भांडलो. उत्तर मला त्या टबातच सापडले. त्या दहा-बारा घोड्यांत एखादा खरोखरच काचेत जन्मलेला असता, तर तो मी कसा ओळखला असता? जन्माची खूण अंगावर उमटत नाही. पोट भरलेले आहे की नाही ते डोळ्यांना दिसते. आई-बाप कोण ते दिसत नाही. निरोगीपणा प्राण्याकडे पाहून कळतो, पैदास मात्र विकणाऱ्याच्या शब्दावरच कळते. जिथे जन्माची नोंद ठेवणारे आणि ती तपासणारे कोणी आहे, तिथे त्या शब्दाला किंमत आहे. २००२ साली चिलीतल्या सांतियागो येथे देशोदेशींच्या प्रतिनिधींनी समुद्रघोड्यांच्या व्यापारावर नियंत्रण आणायचे ठरवले आणि २००४ पासून ते अमलात आले, तेही प्रत्येक प्राण्यामागे असा कागद असावा म्हणूनच. माझ्या व्यापाऱ्याला मात्र ‘पैदाशीचे आहेत’ असे खोटे सांगायला काय लागले असते? तो अनाडी होता म्हणून खरे बोलला. त्याच्यापेक्षा हुशार माणूस भेटला असता, तर मी आनंदाने पैसे मोजले असते.

मी नको म्हणून कळवले तेव्हा त्याने शेवटचा बाण सोडला. “तुम्ही नाही घेतले तर दुसरा घेईल. आणि हे काही आम्ही शोधून पकडत नाही, कोळंबीच्या जाळ्यात आपोआप येतात. तसेही मरणारच होते.” त्याचे हे बोलणे अर्धे खरे होते, म्हणून ते अधिक बोचले. जगातल्या एकवीस देशांचा हिशेब मांडणारा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर वर्षी सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे दुसऱ्याच माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत सापडतात, असा अंदाज आहे. त्यांतले पुष्कळ वाळवून औषधासाठी चीनकडे जातात. या महापुरापुढे पुलगावच्या एका खोलीतली एक जोडी म्हणजे काय! कायद्याने जाळ्यांची भोके मोठी होत नाहीत, हेही खरेच. परंतु जाळ्यात चुकून आलेल्या जिवाला कोणी सहा हजार देऊ लागला, की पुढच्या खेपेला तो चुकून येत नाही. पकडणारा गरीब कोळी असतो, त्याच्या हातात त्यातले किती पडतात कोण जाणे. पण किंमत ठरवणारा मात्र दूर, काचेसमोर खुर्ची टाकून बसलेला असतो. ती खुर्ची माझी होती.

वर्ध्याजवळच सेवाग्राम आहे. तिथल्या आश्रमाच्या व्रतांत अस्तेय आणि अपरिग्रह हे दोन शब्द येतात. शाळेच्या सहलीपासून ते मी ऐकत आलो आहे, आणि खरे सांगायचे तर ते भिंतीवर लिहिण्याचेच शब्द आहेत असे मला वाटे. चोरी करू नये यात काय विशेष, आणि आमच्याजवळ परिग्रह करण्याइतके आहे तरी काय! पण समुद्रापासून इतक्या दूर बसलेल्या, सहा हजार रुपये जमवलेल्या माणसालाही या दोन्ही शब्दांशी गाठ पडू शकते, हे मला या घोड्याने शिकवले.

सुमीला सांगणे सर्वांत कठीण होते. मी तिला कायदा सांगितला नाही. ती चित्रफीत तिने पाहिलीच होती. एवढेच म्हटले, की आपल्याला ते मिळणार नाहीत, आणि का ते तुला माहीत आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पण आपण नाही घेतले म्हणून ते त्या टबातून सुटले का?” नाही, मी म्हटले. याहून दुसरे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि आजही नाही. आजीने मध्ये पडून, “जाऊ दे वो माय, त्यायचं घर पान्यात, आपलं घर मातीत,” असे म्हणून तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

साठवलेल्या पैशांतून मी एक मोठी, साधी, गोड्या पाण्याची टाकी केली. गप्पींच्या माद्या महिन्या-महिन्याला वीस-पंचवीस पिल्ले देतात; ती जन्मतात ती आमच्या डोळ्यांदेखत. सुमीने एक वही केली आहे. तीत तारीख, आईचे नाव आणि पिल्लांची संख्या लिहिलेली असते. बापाचा रकाना रिकामा आहे, कारण गप्पींच्या राज्यात बाप जबाबदारी घेत नाही. परवा शेजारचा मुलगा एक जोडी मागायला आला. सुमीने आधी त्याला विचारले, भांडे केवढे आहे, पाणी कोण बदलणार, सुट्टीत गावाला गेलात तर खायला कोण घालणार. नदीत किंवा तळ्यात कधीही सोडायचे नाहीत, कारण हे इथले मासे नव्हेत, असेही बजावले. सगळी उत्तरे मनासारखी मिळाल्यावर तिने पिशवीत पाणी भरले, जोडी सोडली आणि वहीचे एक पान फाडून पिशवीसोबत त्याच्या हातात दिले. त्यावर तिने ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘जन्म आमच्या घरी. मी पाहिला आहे.’